सुमित्राक्कांचा राउंड

सुमित्राक्का कांबळे यांची आणि माझी ओळख एका बादलीमुळे झाली. बेळगावच्या वडगावातल्या त्या घरात राहायला येऊन आम्हांला तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाई दारात आल्या, झाकणाची एक निळी बादली ठेवली आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा तेवढा ह्यात टाकत चला, असं माझ्या बायकोला सांगून गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच बादली त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवली. आत भाजीची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं, सगळं रीतसर होतं. त्यातून दोन बोटांनी त्यांनी काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. दुधाच्या पिशवीचा कात्रीनं कापलेला इवलासा कोपरा होता तो.

"सर, ह्यो ओला हाय का सुका?"

सुका, मी म्हणालो. मग खतातल्या गांडुळांना प्लॅस्टिक ओळखता येत नाही, आपल्याला येतं, हे त्यांनी मला दहा मिनिटं समजावून सांगितलं. आवाज जराही चढला नाही. मी मराठी शाळेत वीस वर्षं शिकवत होतो, पण त्या सकाळी गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा उभा राहिलो. जाताना त्यांनी बायकोच्या हातात पोकळ्याची एक जुडी दिली. तशी कोवळी भाजी बाजारात मिळत नाही हे आम्हांला त्या दिवशी दुपारी जेवताना कळलं.

आक्का बेळगावच्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. ठेंगण्या, चपळ, केस घट्ट बांधलेले, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजताना बघायला सोपं जातं, म्हणून लागलेली सवय. ती पुढं कधी सुटली नाही. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीच्या वेळी हातात आलं त्यातून त्यांनी मारुतीआप्पांकडून वरच्या मजल्यावरचं घर विकत घेतलं. मारुतीआप्पा म्हणजे आमचे घरमालक. खाली पुढच्या बाजूला त्यांचं घर, मागं साड्या विणायच्या चार मागांचं शेड, आणि वर दोन घरं: एक आक्कांचं, दुसरं आम्ही भाड्यानं घेतलेलं. आक्कांच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं की आपण थेट मागांच्या शेडच्या स्लॅबवर येतो. घराबरोबर तो स्लॅबही खरेदीपत्रात लिहून द्यावा, नाहीतर घर नको, असं आक्कांनी आप्पांना सांगितलं होतं. ऊन, पाऊस आणि मागांची खटखट एवढंच ज्याच्यावर पडतं त्या स्लॅबचं ह्या बाईला काय करायचंय, हे आप्पांना तेव्हा कळलं नव्हतं.

त्यांना त्यावर शेती करायची होती. बाग म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. बाग लोक हौसेनं करतात, माझी शेती हाय, म्हणायच्या.

मी येळ्ळूरचा. वडील भातशेती करायचे, त्यामुळे चिखल तुडवतच मोठा झालो. स्लॅबवरच्या डब्याडुब्यांना शेती म्हणतात ह्याचं मला हसू यायचं, आणि पहिल्या महिन्यात एकदा मी ते बोलूनही दाखवलं. आक्का रागावल्या नाहीत. तुमच्या रानातली दोन पोती माती आणून द्या, मग बघू, म्हणाल्या. मी स्कूटरवरून आणून दिली. त्या मातीत त्यांनी वांगी लावली. डिसेंबरात मी वडिलांसाठी वांग्यांची पिशवी घेऊन येळ्ळूरला गेलो, आणि ही कुणाच्या रानातली म्हणून वडिलांनी विचारलं तेव्हा मला मागांच्या शेडवरची असं सांगावं लागलं.

विकत आणलेली कुंडी त्या स्लॅबवर एकही नव्हती. बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचे ड्रम आक्का भंगारवाल्याकडून आणायच्या. त्यांना आधीच भोकं असतात. सुताच्या गुंडाळ्या ज्या पुठ्ठ्याच्या कोनांवर येतात ते कोन आप्पा फेकून द्यायचे. आक्का त्यांचं टोक कापून, उलटे मांडून त्यांत रोपं करायच्या. रोप मोठं झालं की कोनासकट मातीत जायचं. मोडक्या मागांच्या चौकटींवर घेवडा आणि दोडका चढलेला असायचा. मागांखाली पडलेलं सुताचं कातरण त्या पोत्यानं वर आणायच्या आणि ओल टिकावी म्हणून झाडांच्या बुंध्याशी पसरायच्या. पण त्याआधी प्रत्येक पोत्यातले चारसहा धागे काडी लावून जाळून बघायच्या. राख झाली तर कापूस, आत. वितळून गोळी झाली तर पॉलिएस्टर, बाहेर. ह्या परीक्षेसाठी एक काडेपेटी कायम त्यांच्या कमरेला खोचलेली.

बोलणं मात्र सगळं दवाखान्याचं. झाडं म्हणजे पेशंट. नवीन रोप आलं की ॲडमिट. कीड लागलेल्या टोमॅटोला उचलून पाण्याच्या टाकीमागं एकटं ठेवलं जायचं आणि त्या कोपऱ्यात गेलेला हात साबणानं धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचा नाही. माझ्या बायकोनं एकदा लावला, तर तिला परत पाठवलं. तारीख उलटून गेलेले, सील न फोडलेले सलाईनचे सेट ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून मिळायचे. उन्हाळ्यात नळाचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा. तेव्हा बाटल्यांत भाजी धुतलेलं पाणी भरून, तारेला टांगून, थेंबाथेंबानं झाडांना दिलं जायचं. आक्का नळीवरची चकती फिरवून मनगटावरच्या घड्याळात बघत थेंब मोजायच्या. दवाखान्यात वापरून झालेल्या नळीला हात लावू द्यायच्या नाहीत, तिथं कुणाचं काही चालायचं नाही. रोज पहाटे बुद्धवंदना झाली की राउंड. एका वहीत प्रत्येक ओळीची नोंद. पान पिवळं पडलं म्हणून मी काळजीनं काही विचारलं तर दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तशा सुरात म्हणायच्या, "घाबरायचं न्हाय सर. बघूया." हे वाक्य त्यांनी तीस-पस्तीस वर्षं माणसांना सांगितलं होतं.

एवढं सगळं कशापायी, हे मला त्यांची आई आली तेव्हा कळलं.

तानाआजी निपाणीला राहायच्या. वय ऐंशीच्या पुढचं. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात भांगलण, खुरपणी करण्यात आणि तंबाखूच्या वखारीत गेला. त्यांची आईही तेच करत आलेली, त्यांच्या आईची आईसुद्धा. घरात कुणाच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती. आक्का शिकल्या त्या आईच्या वखारीतल्या मजुरीवर. थंडीच्या दिवसांत आक्का त्यांना आठ दिवसांसाठी घेऊन आल्या. स्लॅबवर काय आहे हे त्यांनी आईला सांगितलं नव्हतं. थोडी झाडं लावलीत, एवढंच म्हणाल्या होत्या.

मी स्लॅबकडच्या गॅलरीत दाढी करत होतो. स्वयंपाकघराचं दार उघडून म्हातारी बाहेर आली आणि तिथंच थांबली. वांगी कमरेएवढी होती. मेथीचे दोन वाफे हिरवेगार, चौकटींवर घेवडा लगडलेला. खाली चारी माग चालू होते, त्यामुळे सगळी पानं बारीक थरथरत होती.

"हे कुणाचं रान गं?" म्हातारीनं विचारलं.

"माझं."

"तुझं म्हंजे? वाट्यानं केलंयस?"

"न्हाय आई. इकत घेतलंय. कागद हाय माझ्या नावाचा."

म्हातारी ओळींमधून हळूहळू चालत गेली, एकेक पान उलटं करून बघितलं, मातीत बोट खुपसून ओल पाहिली. मग झाडं लई गच्च लावलीस म्हणून पोरीला रागावली. पानांवर मावा कीड दिसली तेव्हा तंबाखूचं पाणी मार म्हणाली. आक्का म्हणाल्या, माझ्या स्लॅबवर तंबाखू येणार न्हाय, तुझा खोकला मी जन्मभर ऐकलाय. त्या कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी वापरायच्या. म्हातारी हसायला लागली. "मला एवढ्या वर्सांत मारलं न्हाय तंबाखूनं, किडीला काय मारतंय," म्हणाली.

दुपारी जेवायला हाक मारली तरी ती आत येईना. शेवटी आक्का ताट घेऊन बाहेर गेल्या आणि पाण्याच्या टाकीजवळच्या सावलीत ठेवायला लागल्या. म्हातारीनं मान हलवली. वांग्यांच्या दोन ओळींच्या बरोबर मध्ये, उन्हात, तिनं पदरानं फरशी पुसली.

"आमी बांधावर जेवाय बसायचं झालं तरी इचारून बसायचो," ती म्हणाली. "आज हितं मधी बसनार."

आक्काही स्वतःचं ताट घेऊन तिच्यासमोर बसल्या. मागांच्या हादऱ्यानं आमटीवर बारीक लाटा उठत होत्या. मी गॅलरीचं दार लावून आत गेलो.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या शेवटी शेड गळलं.

आठ दिवस झड लागली होती. एका सकाळी मारुतीआप्पा जिना चढून वर आले. आप्पा मितभाषी माणूस, आणि त्या दिवशी तर दारात उभे राहून त्यांनी हातातलं कापड फक्त पुढं केलं. लग्नाच्या आहेराची साडी होती, नुकतीच मागावरून उतरवलेली. जांभळ्या अंगावर पाणी ठिबकून रंग पसरला होता आणि काठात उतरला होता. मागावर लावलेला उभ्या धाग्यांचा ताणासुद्धा भिजला होता. आक्कांनी कापड हातात घेतलं, अंगठ्यानं चोळून बघितलं, वास घेतला. मी मध्ये पडलो. स्लॅब जुना आहे, पावसानं सगळ्यांचेच गळतात, असं काहीतरी म्हणालो. आक्कांनी मला हातानं थांबवलं आणि भर पावसात बाहेर गेल्या. आम्हीही मागोमाग गेलो.

पाणी जायच्या तोंडाशी त्या खाली बसल्या आणि पाइपात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तो सुताचा एक भलामोठा ओला बोळा. झाडांच्या बुंध्याशी पसरलेलं कातरण वाहत येऊन तिथं अडकलं होतं. पाणी तुंबून ड्रमांच्या खालच्या भेगांत मुरलं होतं. मला राहवलं नाही. हे तर आप्पांच्याच मागाचं सूत, मी म्हणालो.

"सूत आप्पांचं असंल," आक्का म्हणाल्या, "टाकलंय मी."

त्यांनी आप्पांकडं चार दिवस मागितले. ती साडी जशी आहे तशी मी घेणार, असंही सांगितलं. आप्पा मान हलवून खाली गेले. आक्का तो बोळा हातात धरून बराच वेळ तशाच बसल्या होत्या. पाऊस चालू होता. त्यांना मी कधी हताश झालेलं पाहिलं नव्हतं. मी छत्री आणून त्यांच्यावर धरली. थोड्या वेळानं, छत्री घरात न्या सर, आता भिजायचं काय उरलंय, म्हणाल्या.

गवंड्यानं येऊन निदान केलं. स्लॅब पूर्ण मोकळा करून वाळवायचा, भेगा भरायच्या, वरून थर द्यायचा, आणि ड्रमांसारखं जड काही पुन्हा वर ठेवायचं नाही. म्हणजे शेती संपली, असं मी समजलो. संध्याकाळी बायकोनं त्यांना जेवायला बोलावलं तर त्या आल्या नाहीत, काम हाय म्हणाल्या. सकाळी बघतो तर त्यांच्या दारात पोस्टकार्डाएवढ्या कापलेल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा. सुताच्या खोक्यांचे पुठ्ठे. प्रत्येकावर वर नाव, खाली वय, आजार, पाण्याचा डोस, उन्हाचे तास, आणि शेवटी 'परत दाखवायची तारीख'.

आक्कांनी सगळ्या पेशंटना डिस्चार्ज द्यायचं ठरवलं होतं.

रविवारी ऊन पडलं. तीच रंग उतरलेली साडी नेसून आक्का जिन्यात उभ्या राहिल्या. डाग मुद्दाम पदरावर दिसेल अशी नेसल्या होत्या, निदान मला तसं वाटलं. गल्लीतल्या बायकांना त्यांनी घरोघर जाऊन सांगून ठेवलं होतं. गिरणीवाली आली, शिवणकाम करणारी आली, कोपऱ्यावरची दूधवाली आली. कुणाला मिरची, कुणाला कढीपत्ता, कुणाला मेथीचा क्रेट. प्रत्येकीला कार्ड वाचून दाखवायचं, तिच्याकडून पुन्हा म्हणून घ्यायचं, मगच झाड हातात. एक बाई कन्नड बोलणारी होती, तर तिचं कार्ड कन्नडमध्ये. आमच्या वाट्याला येळ्ळूरच्या मातीतली वांग्याची दोन झाडं आली. बायकोला डोस दोनदा म्हणून दाखवावा लागला, कारण टोमॅटोचं जुनं प्रकरण आक्का विसरल्या नव्हत्या.

सगळ्यात शेवटी आप्पा राहिले. ते बाजूला उभे राहून बघत होते. आक्कांनी मोठ्या ड्रममधला दोडका त्यांच्यापुढं केला. शेडच्या पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीवर चढवा, दुपारी मागावर बसणाऱ्यांना गारवा येईल, म्हणाल्या. आप्पांनी भिडेखातर घेतला. मला वाटलं, आठवड्याभरात वाळून जाणार.

पंधरा दिवसांनी सकाळी साडेसहाला आमच्या जिन्यात पळापळ ऐकू आली. आप्पा आक्कांचं दार वाजवत होते.

"आक्का, चला लवकर. पेशंट सिरीयस हाय."

दोडक्याच्या पानांवर नागअळीच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. आक्का वही घेऊन खाली गेल्या, घाबरायचं न्हाय म्हणाल्या, खराब पानं काढून टाकली. आप्पा त्यांच्यामागं हात बांधून उभे होते, जसा दवाखान्यात घरचा माणूस उभा राहतो. पुढं त्या पत्र्यावर एवढा दोडका लागला की आप्पा गिऱ्हाइकांच्या हातात साडीच्या पिशवीबरोबर दोन दोडके देऊ लागले.

आक्कांचा राउंड आता स्लॅबवरून गल्लीत उतरला. पूर्वी वीस मिनिटांत व्हायचा, त्याला आता दीड तास लागायचा. गिरणीच्या खिडकीतली मिरची, दूधवालीच्या गोठ्याच्या भिंतीवरचा घेवडा, शिवणयंत्राशेजारचा पुदिना. त्या दारात दिसल्या की बायका कार्ड घेऊन बाहेर यायच्या. कुणी पाणी जास्त घातलं असेल तर ते लपवायची सोय नव्हती, आक्का मातीत बोट घालून सांगायच्या. हळूहळू बायका एकमेकींना परस्पर भाजी देऊ लागल्या. चाकवताची जुडी देऊन मिरच्या घ्यायच्या, मिरच्या देऊन कोथिंबीर. ओल्या कचऱ्याच्या निळ्या बादल्या गल्लीभर झाल्या. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसानं एकदा आक्कांना कन्नडमध्ये विचारलं की तुमच्या गल्लीत लोक जेवत नाहीत की काय. आक्कांनी त्याला कन्नडमध्येच उत्तर दिलं आणि शेवटी दोन कोन हातात ठेवले, मिरचीच्या रोपाचे. त्यालाही कार्ड होतं.

वाळलेल्या स्लॅबवर त्यांनी पुढं फक्त हलके क्रेट मांडले, रोपं करायला. तो आता ओपीडी झाला होता. मला वाटायचं, त्यांना जुनी वांग्यांची दाटी आठवत असेल. एकदा विचारलं. आठवतंय की, म्हणाल्या, पण दवाखान्यात रिकामी कॉट बघून कधी वाईट वाटलं नव्हतं. पेशंट घरी गेला असंल तर बरंच हाय.

मग माझी बदली चिकोडीला झाली. त्याच वर्षी तानाआजी घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि आक्का त्यांच्याजवळ राहायला निपाणीला गेल्या. राउंडची वही शिवणकामवालीकडं देऊन गेल्या, असं आप्पांनी फोनवर सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात कामासाठी निपाणीला गेलो होतो. पत्ता विचारत विचारत त्यांच्या वस्तीत पोचलो. लहानसं घर, वर पत्रा, पुढं पाच-सहा हात अंगण. दुधी भोपळ्याचा वेल अंगणातून भिंतीवर आणि भिंतीवरून पत्र्यावर गेला होता. त्या हिरव्या पसाऱ्याखाली अर्धा पत्रा झाकला गेला होता. दाराशेजारी पत्र्याला शिडी लावलेली. तानाआजी वॉकर पुढ्यात ठेवून खुर्चीवर बसल्या होत्या, शाल गुंडाळून, हातात काठी. मला त्यांनी ओळखलं नाही. मी कोण, कुठला, हे सांगायला लागलो तर काठीनं मला बाजूला केलं. मी मध्ये उभा राहिल्यामुळे त्यांना वरचं दिसत नव्हतं.

आक्का पत्र्यावर होत्या. पासष्टी उलटून गेलेली बाई, पदर खोचून, वेल बांधायची सुतळी दातात धरून. मला बघून त्यांनी सुतळी काढली.

"सर, आलाय तर शिडी धरा नीट."

मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. आक्का वेलाच्या पानांमागं गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. खिळ्यांच्या रांगेवरनं चाल गं, नायतर पत्रा दबंल, म्हणून म्हातारी खालून ओरडत होती आणि काठीनं दिशा दाखवत होती, जरा उजवीकडं, आता पुढं, तो शेंडा सोडू नको. पानं हलत होती. पत्र्यावर पावलं वाजत होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, सावकाश आणि नेमकी. माझ्या बसची वेळ झाली होती, पण शिडी सोडता येत नव्हती.